खोडलेलेही वाचता आले पाहिजे

सिंदखेड राजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुसरबीड हे गाव लागते. जिजाऊंच्या जन्मगावाच्या तालुक्यातले हे गाव वऱ्हाडच्या अगदी काठावर वसले आहे. थोडे पश्चिमेला गेले की जालना जिल्हा, म्हणजे मराठवाडा, सुरू होतो. या परिसरातील एका शाळेत काही वर्षांपूर्वी घडलेला प्रसंग आधी सांगतो, कारण प्रस्तुत विषयाचे गांभीर्य लेखकाला त्या प्रसंगानेच पटवून दिले.

मुख्याध्यापक निवृत्त व्हावयाचे होते. त्यांच्या जागी कोण, हे सेवाज्येष्ठता यादीवरून ठरणार होते. यादी शाळेच्या संगणकात होती. ती उघडली तेव्हा एका शिक्षकाच्या ध्यानात आले की आपले नाव आजवर तिसरे होते, ते आता पाचवे झाले आहे. लिपिक म्हणाला, ‘मी काही बदलले नाही.’ कार्यालयातील दुसरे एक गृहस्थ म्हणाले, ‘यादी पहिल्यापासून अशीच आहे.’ संगणकाला विचारावे तर त्याच्यापाशी एकच फाईल होती, आणि तिच्यावर शेवटचा हात कोणत्या तारखेला फिरला एवढेच तो सांगू शकत होता. हात कोणाचा, त्यापूर्वी तेथे काय होते, याविषयी यंत्र मुके होते. अखेर एका निवृत्त शिक्षकाच्या ट्रंकेतून सर्वांच्या सह्या असलेली जुनी कागदी प्रत निघाली आणि वाद मिटला. ट्रंक नसती तर? त्या शिक्षकाची सारी सेवा खरी असूनही सिद्ध करता न येणारी ठरली असती.

या प्रसंगात कोणी लबाडी केली असे म्हणावयाचे नाही. चुकून एखादी ओळ सरकली असेल, जुनी फाईल नव्यावर चढली असेल. परंतु चूक आणि लबाडी यांतील फरकही ज्या दप्तरातून कळू शकत नाही, ते दप्तर कसले?

नियमाला हे ठाऊक होते

गंमत अशी की आपल्या नियमांनी हा धोका फार पूर्वीच ओळखला होता. महाराष्ट्रातील खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींची १९८१ ची नियमावली शिक्षकवर्गाला परिचित आहे. तिच्या बाराव्या नियमाप्रमाणे सेवाज्येष्ठता यादी अनुसूची ‘फ’ मधील तत्त्वांनुसार तयार करावयाची, ती सर्व कर्मचाऱ्यांत फिरवावयाची आणि प्रत मिळाल्याबद्दल त्यांच्या सह्या घ्यावयाच्या असतात. एवढ्यावरच नियम थांबत नाही. पुढे यादीत जो जो बदल होईल, तो तो संबंधितांच्या निदर्शनास आणून त्याबद्दलही सह्या घ्याव्यात असे तो सांगतो. म्हणजे यादी ही एक वस्तू नव्हे, ती एकामागून एक येणाऱ्या आवृत्त्यांची मालिका आहे, हे नियमकर्त्यांनी गृहीत धरले होते. संगणक आला तेव्हा यादी यंत्रात गेली. मालिका मात्र बाहेरच राहिली.

महसुली दप्तरात तर ही सावधगिरी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. शेत विकले गेले, खातेदार वारला, भावाभावांत वाटणी झाली, सोसायटीचे कर्ज चढले की उतरले, तरी तलाठ्याने (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) एकदम सातबारावर लेखणी चालवावयाची नसते. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरावयाची. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५० प्रमाणे त्या नोंदीची प्रत चावडीवर लावावयाची, हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची. हरकत आली तर ती नमुना सहा-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यानंतरच नोंदीचा अंमल सातबारावर येतो. हस्तलिखित सातबारावर जुने नाव नाहीसे करीत नसत. त्यास कंस करीत आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक घालीत. त्या क्रमांकाचे बोट धरून मागे मागे जाता येई. आजोबांचे नाव केव्हा लागले, कशाने लागले, कोणी प्रमाणित केले, हे गावातल्या साध्या शेतकऱ्यालाही शोधता येई.

संगणकशास्त्र ज्याला आवृत्त्यांचा माग म्हणते, तो हाच. कोणता बदल झाला, कोणी केला, केव्हा केला, कशाच्या आधाराने केला आणि त्याआधी काय होते, या पाच प्रश्नांची उत्तरे दप्तराने स्वतःहून दिली पाहिजेत. फेरफाराची वही ती देते. मग त्याच गावात, त्याच टेबलावरचा संगणक ती का देत नाही?

यंत्र विसराळू का झाले?

याचे उत्तर काटकसरीत आहे. आरंभीच्या संगणकांत साठवणुकीची जागा अतिशय महाग होती. तेव्हा फाईल नव्याने जतन केली की तिने जुन्या फाईलची जागा घ्यावी, हा रिवाज पडला. शाळेतील पाटीसारखा हा व्यवहार. नवे लिहावयाचे तर जुने पुसले पाहिजे. १९६९ नंतर वाढलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीने हाच रिवाज ठेवला आणि पुढे घराघरांत पोहोचलेल्या संगणकांनीही बहुतांशी तोच उचलला.

परंतु दुसरी वाटही तेव्हा होती. अमेरिकेत टेनेक्स या प्रणालीत आणि पुढे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हीएएक्स यंत्रांसाठी १९७८ च्या सुमारास आलेल्या व्हीएमएस प्रणालीत प्रत्येक फाईलच्या नावामागे एक क्रमांक असे. पत्र प्रथम लिहिले की ‘पत्र;१’. दुरुस्त करून जतन केले की ‘पत्र;२’. पहिले तसेच राही. वापरणाऱ्याला काही लक्षात ठेवावे लागत नसे, वेगळे नाव द्यावे लागत नसे. यंत्र आपोआप क्रमांक वाढवीत असे. जुन्या प्रती नकोशा झाल्या तर ‘पर्ज’ अशी आज्ञा देऊन त्या काढून टाकता येत. आज आमच्या कार्यालयांतून ‘यादी अंतिम’, ‘यादी अंतिम दोन’, ‘यादी खरी अंतिम’ अशा नावांच्या फायली दिसतात. त्या पाहिल्या की मनात येते, यंत्राने जे काम सुमारे पन्नास वर्षांपूर्वी स्वतःकडे घेतले होते, ते आपण पुन्हा माणसाच्या गळ्यात बांधले आहे.

व्हीएमएसच्या पद्धतीत एक अडचण होती. प्रत्येक आवृत्ती म्हणजे पूर्ण नवी प्रत, त्यामुळे जागा भराभर संपे. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनी यावर तोड काढली. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉकिंड यांनी १९७२ मध्ये जी व्यवस्था रचली, तिने पूर्ण प्रती न ठेवता दोन आवृत्त्यांमधला फरक तेवढा साठविला. वॉल्टर टिची यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ते तत्त्व उलटे करून अधिक उपयोगी केले. सर्वांत नवी आवृत्ती पूर्ण ठेवावयाची आणि मागे जाण्यासाठी लागणारे फरक तिच्यामागे बांधावयाचे. कारण माणसाला बहुधा ताजी प्रतच हवी असते, जुनी क्वचित. २००५ साली लिनस टोर्वाल्ड्‌स यांनी लिहिलेली ‘गिट’ ही व्यवस्था आज जगभर वापरली जाते. तिच्यात प्रत्येक आवृत्तीच्या मजकुरावरून गणिताने एक अंकमुद्रा काढलेली असते. मजकुरात एक काना बदलला तरी मुद्रा बदलते, आणि प्रत्येक नोंद आपल्या मागच्या नोंदीची मुद्रा जवळ बाळगते. त्यामुळे मधलेच एखादे पान गुपचूप बदलणे अवघड होते. बांधीव वहीच्या पानांना छापील क्रमांक का घालतात, हे ज्याला कळते त्याला हे तत्त्वही कळेल.

हे झाले आज्ञावलीकारांचे. सामान्य माणसाच्या कागदपत्रांसाठी फाईल व्यवस्थेनेच हे काम आपोआप करावे, हा विचार १९९० च्या दशकात पुन्हा पुढे आला. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ आणि ह्युलेट पॅकार्ड यांच्या संशोधकांनी १९९९ साली ‘एलिफंट’, म्हणजे हत्ती, या नावाची फाईल व्यवस्था मांडली. हत्ती विसरत नाही, या समजुतीवरून ते नाव. साठवणूक आता स्वस्त झाली आहे, तेव्हा काय पुसावयाचे याचा निर्णय घाईने घेण्याचे कारण उरलेले नाही, हे त्यांचे म्हणणे होते. मात्र सर्वच सर्वकाळ ठेवावे असाही त्यांचा आग्रह नव्हता. काही फायलींची शेवटची प्रत पुरते, काहींचा प्रत्येक बदल राहिला पाहिजे, आणि काहींच्या बाबतीत अलीकडचे सर्व बदल व जुन्यांतील ठळक टप्पे तेवढे ठेवावेत, अशी वर्गवारी त्यांनी केली. कारण सहा महिन्यांपूर्वीच्या एका दुपारी केलेल्या दहा दुरुस्त्यांतला भेद माणसालाच आठवत नाही.

पुढे ही कल्पना निरनिराळ्या रूपांनी बाजारात आली. २००५ साली सन कंपनीच्या झेडएफएस व्यवस्थेने आणि त्याच सुमारास जपानच्या एनटीटी कंपनीच्या निल्फ्‌स व्यवस्थेने लिहिलेल्या जागेवर पुन्हा न लिहिण्याचे तत्त्व अंगीकारले. नवा मजकूर कोऱ्या जागी जातो, अनुक्रमणिका तेवढी नव्या जागेकडे वळते, आणि जुनी अनुक्रमणिका जपली की जुने दप्तर जसेच्या तसे उभे राहते. विंडोजमध्ये पूर्वीच्या आवृत्ती पाहण्याची सोय २००० नंतरच्या दशकात आली. ॲपलने २००७ साली ‘टाइम मशीन’ आणले. महाजालावर एकत्र लिहावयाच्या कागदपत्रांत बदलांचा इतिहास दिसू लागला. मराठी विकिपीडियावर तर कोणत्याही लेखाच्या माथ्यावरील इतिहासाचा दुवा दाबला की लेखाची पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक आवृत्ती वाचता येते. थोडक्यात, साधन आहे, स्वस्त आहे, अनेक संगणकांत ते आधीच बसविलेलेही आहे. उणीव आहे ती ते चालू करण्याच्या बुद्धीची.

पाठभेदांची थोरवी

जुनी आवृत्ती कशाला हवी, असा प्रश्न कोणी केला तर त्याला बुलढाणा जिल्ह्यातच उत्तर मिळेल. मलकापूर तालुक्यातील नरवेल येथे १९०८ साली जन्मलेले डॉ. वि. भि. कोलते पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण त्यांचे खरे आयुष्य महानुभाव पोथ्यांत गेले. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत हरवली आणि नंतर ती निरनिराळ्यांच्या स्मरणातून पुन्हा लिहिली गेली, असे परंपरा सांगते. त्यामुळे एकाच ग्रंथाचे अनेक पाठ झाले. १९७८ साली कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ प्रसिद्ध झाले ते अशा हस्तलिखितांच्या तौलनिक अभ्यासातून. मूळ प्रत एकदा गेली की तिची भरपाई करावयास विद्वानाचे आयुष्य खर्ची पडते, हा त्यातील धडा आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली. डॉ. वि. स. सुकथनकर यांनी घालून दिलेल्या शिस्तीत सुमारे साडेबाराशे हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. त्या ग्रंथाचे पान उघडले की वर स्वीकारलेला पाठ आणि खाली तळटीपांत नाकारलेले पाठ दिसतात. संपादकाने जे नाकारले तेही वाचकाच्या हाती ठेवले, कारण उद्याच्या अभ्यासकाला आजच्या निर्णयाची तपासणी करता आली पाहिजे. आमच्या विद्येची ही रीत आहे. कारभाराची का असू नये?

सातबारा आणि संगणक

हा प्रश्न केवळ शाळेच्या यादीपुरता नाही. हस्तलिखित सातबारा संगणकात चढविण्याचे प्रचंड काम महाराष्ट्राने केले आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. तलाठ्याच्या मागे फिरण्याचे लोकांचे कष्ट त्याने वाचविले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण हे काम होत असताना नावांत, क्षेत्रांत, इतर हक्कांत चुका राहिल्या. त्या वेचून काढण्यासाठी २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले. लेखनप्रमादांच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ आहेच. त्या चुका सापडल्या कशा, हे ध्यानात घ्यावे. संगणकातील उतारा एका हातात आणि जुना हस्तलिखित उतारा दुसऱ्या हातात धरून ताडला, म्हणून सापडल्या. तुलनेला खाली कागद होता. यापुढे जन्माला येणाऱ्या नोंदींच्या खाली कागद असणार नाही. त्यांचा जुना पाठ यंत्रानेच सांभाळला तर राहील, नाहीतर राहणार नाही.

आणि अशा नोंदींवर काय काय अवलंबून असते, हे या टापूने डोळ्यांनी पाहिले आहे. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेड राजा या तालुक्यांतून गेला. त्यासाठी जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा कोणाचे नाव कोणत्या फेरफाराने लागले, विहीर नि झाडे कोठे नोंदली, हे प्रश्न घरोघरी निघाले. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने पलीकडच्या मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे धुंडाळली, तेव्हा निजामी अमदानीतील जीर्ण कागदांवरचा एकेक शब्द घराण्यांच्या भवितव्याशी जोडला गेला. आरक्षणाविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. शंभर वर्षांपूर्वीच्या एका लिपिकाने काय लिहिले होते हे पाहता आले, एवढी गोष्ट तरी सर्वांना मान्य व्हावी. आजच्या संगणकातील नोंद शंभर वर्षांनी अशीच पाहता येईल काय?

कायदा या दिशेला अनुकूल आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चे कलम ७ इलेक्ट्रॉनिक अभिलेख कोणत्या स्वरूपात व कोणत्या तपशिलासह जपावा हे सांगते. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ ने अभिलेख नीट वर्गवारीने ठेवणे हे कार्यालयाचे कर्तव्य केले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात तर वर सांगितलेली अंकमुद्रा नमूद करावी लागते. सर्वांत बोलका आहे तो कंपन्यांचा नियम. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीला अशीच हिशेबाची आज्ञावली वापरावी लागते की जिच्यात प्रत्येक बदलाची तारखेनिशी नोंद राहील आणि ती नोंद बंद करता येणार नाही. व्यापाऱ्याच्या खतावणीला जी शिस्त लावली, ती शाळेच्या जनरल रजिस्टरला आणि ग्रामपंचायतीच्या दप्तराला लावण्यास अडचण कोणती?

आक्षेप आणि त्यांचे वजन

आक्षेप आहेत, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला असा की प्रत्येक कच्चा मसुदा कायमचा राहणार असेल तर अधिकारी मोकळेपणाने टिपणी लिहिणार नाही. विचार बदलण्याचा हक्क माणसाला हवा. हे खरे आहे. म्हणून रेषा सहीपाशी आखावी. सही होईपर्यंत मसुदा लिहिणाऱ्याचा. सही झाली की त्यापुढचा प्रत्येक बदल दप्तराचा. हत्तीच्या त्या फाईल व्यवस्थेने सुचविलेली ठळक टप्प्यांची कल्पना येथे नेमकी उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा. एखाद्या मुलाविषयीची चुकीची वा लाजिरवाणी नोंद दुरुस्त झाल्यावरही इतिहासात तशीच दिसत राहिली तर दुरुस्तीचा उपयोग काय? वैयक्तिक माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने मान्य केला आहे. यावर उपाय असा की जुनी आवृत्ती ठेवावी, परंतु ती पाहण्याचा अधिकार मोजक्यांना असावा आणि कोणी पाहिली याचीही नोंद व्हावी.

तिसरी गोष्ट म्हणजे आक्षेप नव्हे, इशारा आहे. आवृत्त्यांचा माग म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा ती संगणकातील पूर्वीच्या आवृत्तीही पुसून टाकीत असे. ज्या चकतीवर दप्तर त्याच चकतीवर त्याचा इतिहास, ही व्यवस्था म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीच्या कुलुपालाच लटकविण्यासारखी आहे. शिवाय सारे कार्यालय एकाच परवलीच्या शब्दाने काम करीत असेल, आणि तो शब्द पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर चिकटविलेला असेल, तर ‘बदल कोणी केला’ या प्रश्नाचे यंत्राने दिलेले उत्तर कवडीमोलाचे. यंत्र ‘काय’ आणि ‘केव्हा’ सांगेल. ‘कोण’ हे कार्यालयाची शिस्त सांगेल, आणि ‘का’ हे माणसानेच लिहावे लागेल. फेरफाराच्या वहीत दस्ताचा किंवा आदेशाचा उल्लेख करावा लागतो, तसे बदलाचे कारण लिहिण्याचा रकाना प्रत्येक आज्ञावलीत असला पाहिजे, आणि तो रिकामा ठेवून पुढे जाता येऊ नये.

करावयाचे काय?

शासनाने करावयाचे ते असे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ आहेच. त्याच्या आधारे लोकांच्या हक्कांना हात घालणाऱ्या प्रत्येक संगणकीय नोंदवहीला न पुसता येणारा इतिहास सक्तीचा करावा, आणि ज्याच्या नावची नोंद आहे त्याला तो इतिहास सातबाराइतक्याच सहजतेने पाहता यावा. परंतु शासनाची वाट न पाहता शाळेतील लिपिकालाही पुष्कळ करता येईल. संगणकात पूर्वीच्या आवृत्ती ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करावी. प्रत्येकाने स्वतःच्या परवलीच्या शब्दाने काम करावे. आठवड्याची एक प्रत वेगळ्या चकतीवर घेऊन ती कपाटात ठेवावी. आणि सेवाज्येष्ठतेची यादी बदलली की नियम बारा सांगतो त्याप्रमाणे छापील प्रतीवर सह्या घ्याव्यात. संगणक आला म्हणून तो नियम रद्द झालेला नाही.

बलवंताला इतिहासाची गरज कमी असते. आजची यादी त्याच्या सोयीची असली की पुरे. जुन्या आवृत्तीची गरज असते ती ज्याचे नाव तिसऱ्यावरून पाचव्यावर गेले त्याला, ज्या विधवेचे नाव वारसांच्या ओळीतून गळले तिला, ज्या विद्यार्थ्याची जन्मतारीख दाखल्यावर एक आणि रजिस्टरात दुसरी आहे त्याला. त्यांच्यापाशी वशिला नसतो, वकील नसतो; ‘पूर्वी येथे माझे नाव होते’ एवढेच वाक्य असते. त्या वाक्याला साक्षीदार मिळवून देणे हे दप्तराचे काम आहे. दुसरबीडच्या परिसरातील त्या शिक्षकाला एका ट्रंकेने वाचविले. प्रत्येकाच्या नशिबी अशी ट्रंक असतेच असे नाही.